सुनेत्राकाकूंच्या भट्टीची झडप

सुनेत्राकाकूंकडे मी पहिल्यांदा गेले ती मांडीवर पिठाचा डबा घेऊन, बसनं. २०११ची दिवाळी तोंडावर आली होती. आम्ही पुण्याहून सिंगापूरला येऊन क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नुकतं कुठे बस्तान बसवत होतो. नवऱ्याच्या, प्रबोधच्या, ऑफिसातल्या एका मराठी बाईनं मला फोनवर बजावलं होतं, "नानकटाई घरी भाजू नकोस. पीठ मळ, डब्यावर नाव घाल आणि शनिवारी बुकित तिमाहला काकूंकडे घेऊन ये." कुठल्या काकू, हे तिनं सांगितलं नाही. गावात एकच पोस्ट ऑफिस असावं, अशा थाटात तिनं फोन ठेवला.

बुकित तिमाहच्या उंच कॉन्डो-इमारतींच्या मागे एका गल्लीत बैठ्या, एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग होती. त्यातलं शेवटून दुसरं काकूंचं. फाटकाशीच तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला आणि माझे पाय जरा थबकले. लहानपणी दिवाळीआधी आई मला घेऊन बेकरीत जायची. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर आपली, भट्टी बेकरीवाल्याची. घरोघरचे डबे ओळीनं लावलेले असायचे, आणि आपल्या डब्यातली नानकटाई शेजारच्या डब्यात जाऊ नये म्हणून आया डोळ्यांत तेल घालून उभ्या असायच्या. तो वास मी विसरले असेन असं मला वाटलं होतं.

मागच्या अंगणात, धुराची, धुण्याची कामं करायला इथे मागे ठेवतात तशा अर्ध्या उघड्या 'ओल्या' स्वयंपाकघरात, एका लांब टेबलावर तसेच डबे मांडलेले होते. कुणी तोआ पायोहहून आलं होतं, कुणी पार पूर्वेच्या टोकाकडून. आणि भिंतीशी भट्टी होती. माझ्या कमरेएवढी, जाड काळ्या पत्र्याची. खाली राखेचं सरकतं दार, त्यावर जाळी, जाळीवर निखारे, निखाऱ्यांवर पेटीसारखा कप्पा आणि मागून वर गेलेलं धुराडं. तिच्यापुढे एक ठेंगण्या, गोऱ्या, चष्मा लावलेल्या बाई उभ्या होत्या. कॉटनच्या साडीचा पदर खोचलेला, पायात रबरी चपला.

माझा डबा उघडून त्यांनी पिठाची एक गोळी तळव्यावर वळली. "तूप फेसलंस ना?"

"हो काकू."

"किती वेळ?"

"हात दुखेपर्यंत."

"मग ठीक आहे. चंद्रशेखर, बघा, नवी मुलगीसुद्धा फेसते. तुम्ही मात्र दरवर्षी पातळ खीर घेऊन येता."

तोआ पायोहचे चंद्रशेखर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, "माझी पसरते, पण लागते चांगली."

"पसरते म्हणून तर भाजायचे चार पत्रे अडवते," काकू म्हणाल्या, आणि भट्टीकडे वळल्या.

त्यांचं सगळं लक्ष धुराड्याच्या मध्यावर बाहेर आलेल्या एका लोखंडी मुठीवर होतं, हे मला तेव्हाच दिसलं. मूठ किंचित फिरवायच्या, कान द्यायच्या, पुन्हा केसभर फिरवायच्या. फिरताना ती करकरायची. आत धुराड्यात एक गोल पत्र्याची चकती होती. मूठ उभी असली की चकतीही उभी, धुराला वाट मोकळी, निखारे रसरसणार. मूठ आडवी केली की चकती आडवी, वाट बंद, निखारे मंदावणार. काकू तिला झडप म्हणायच्या. उभी झडप, आडवी झडप, आणि या दोहोंच्या मधली, जरा कललेली, ती 'वामकुक्षी'. नानकटाई वामकुक्षीतच भाजायची. उभ्या झडपेला करपते आणि आडव्या झडपेला घामट होते, असा त्यांचा हिशेब.

ती भट्टी श्रीनिवासकाकांनी बनवलेली. काका मरीन इंजिनीयर. सत्तरच्या दशकात सिंगापूरच्या एका गोदीत नोकरीला लागले आणि मिरजेची नवी नवरी घेऊन आले. पहिल्या दिवाळीला काकूंनी नानकटाई गॅसवर तव्यात करून पाहिली. ती इतकी कडक झाली की काका म्हणाले, "हिच्यावर जहाज टेकवता येईल." काकू रडल्या नाहीत, पण पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी नानकटाईचं नाव घेतलं नाही. काकांना ते जास्त लागलं. गोदीत भंगारात निघालेला जाड पत्रा त्यांनी रीतसर विचारून आणला आणि सुट्टीच्या दिवशी ठोकाठोक करून ही भट्टी उभी केली. काका गेले ते मी इथे येण्याच्या थोडं आधी. मला ते फक्त भिंतीवरच्या फोटोत भेटले, हातात पाना धरलेले, कुणीतरी हाक मारल्यावर मान वर केलेली.

भट्टी वर्षातून दोनदा पेटायची. दिवाळीआधी आमची नानकटाई, आणि चिनी नववर्षाआधी शेजारच्या लिमबाईंच्या अंड्याच्या पातळ सुरळ्या. लिमबाई काकूंहून वयानं मोठ्या. दोघींमध्ये एक बुटकी भिंत होती आणि तिच्यावरून चाळीस वर्षं वाट्या इकडून तिकडे जात आल्या होत्या. पण झडपेची सेवा मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, न चुकता. इथली हवा लोखंडाची वैरीण. आठवडाभर दुर्लक्ष करा, विळीलाही तांबूस पुळ्या येतात.

त्या पहिल्या दिवाळीनंतर मी रविवारी अधूनमधून जाऊ लागले, आणि ही सेवा मला पाहायला मिळाली. काकू खाली वर्तमानपत्र अंथरायच्या. धुराड्याला एक छोटं दार होतं, ते उघडायचं. मुठीची खिट्टी काढून दांडा बाहेर ओढायचा, की चकती हातात पडायची. तारेच्या ब्रशनं दोन्ही बाजूंची काजळी घासायची. मग कोरड्या कागदानं पुसायचं. पाणी नाही, साबण नाही. शेवटी दांडा ज्या दोन भोकांतून जातो, तिथे दांड्यावर शिसपेन्सिल घासायची, शाळेतल्या मुलानं नकाशातला डोंगर रंगवावा तशी.

मी विचारलं, "काकू, पेन्सिल कशाला? दोन थेंब तेल सोडलं तर करकर थांबेल की."

"तेल तापलं की चिकटतं. त्यात काजळी बसली की डांबर. शिसं कोरडं असतं, ते जळत नाही. आणि करकर थांबवायची कशाला? करकरीवरून तर कळतं कुठवर फिरली ते. माझा चष्मा धुरकटतो, कान नाही धुरकटत."

चकतीच्या मधोमध एक भोक होतं, दहा सेंटच्या नाण्याएवढं. मला वाटलं, गंजून पडलं असेल.

"ते यांनी मुद्दाम पाडलंय," काकू म्हणाल्या. "झडप पुरती मिटली आणि निखारे आत राहिले तर घातक वायू घरात कोंडतो. जहाजावर असं होऊन माणसं गेलेली यांनी पाहिली होती. म्हणाले, तू कितीही आडवी केलीस तरी ही थोडी उघडी राहणार."

काकूंचा मुलगा रुचिर इथेच जन्मला, इथेच शिकला. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि बायको अनघाबरोबर शहराच्या दुसऱ्या बाजूला एका कॉन्डोत राहायचा. दर शनिवारी दोघं यायची. आईचं आणि मुलाचं प्रेम होतं, पण बोलणं मुख्यतः तक्रारीतून चालायचं. त्यानं आणलेली फळं महाग, त्याचा शर्ट चुरगळलेला. तिचा फ्रीज जुना, तिचा फोन नेहमी बंद. अनघा अहमदनगरची, मोकळी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती मला म्हणायची, "यांचं भांडण ऐकून मी आधी घाबरायचे. मग कळलं, हाच यांचा 'कशी आहेस, बरी आहेस ना' आहे."

२०१५च्या जुलैत काकू त्याच ओल्या स्वयंपाकघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. लिमबाईंनी भिंतीवरून आवाज ऐकला म्हणून बरं. प्लॅस्टर निघालं तरी हाताची मूठ पूर्ण वळेना. त्यातच सप्टेंबरात हेझ आली. इंडोनेशियातली जळती रानं, आणि त्यांचा धूर सगळ्या शहरावर. मुलांच्या शाळासुद्धा एक दिवस बंद ठेवल्या. माणसं मास्क लावून बसथांब्यावर उभी. समोरचा ब्लॉक कुणी खोडरबरानं अर्धा पुसल्यासारखा दिसायचा.

अशाच एका शनिवारी मी काकूंना भाजी चिरून द्यायला गेले होते. बाहेर धूर, खिडक्या बंद, आत चौघं. रुचिरनं विषय काढला.

"आई, आता पुरे. आमच्याकडे चल."

"तुमच्याकडे काय आहे?"

"आम्ही आहोत."

काकूंनी पुढची शेंग उचलली. अनघा सावरून घेत म्हणाली, "आई, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, पोहायचा तलाव आहे."

"मला पोहता येत नाही."

"मलाही येत नाही. काठावर बसून नावं ठेवता येतात लोकांना."

काकू हसल्या, पण रुचिर हसला नाही. "तू पुन्हा पडलीस तर? कोणाला कळणार?"

"लिमबाईंना."

"त्या ऐंशीच्या पुढे आहेत, आई."

"म्हणून तर दिवसभर घरी असतात."

"मी रात्री झोपत नाही," रुचिर म्हणाला. आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. थोडा वेळ त्या उजवं मनगट डाव्या हातानं चोळत राहिल्या.

"बरं, ऐक," त्या म्हणाल्या. "दिवाळीची भट्टी मी नेहमीसारखी माझ्या हातानं लावली, सगळ्यांचे डबे नीट भाजून दिले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत हा विषय काढायचा नाही. आणि नाही जमली, तर दिवाळी झाली की मी तुमच्याकडे येते. रडारड नाही. सामान बांधायला तुम्ही यायचं."

"शब्द?"

"शब्द. तुझ्या बाबांच्या बायकोनं दिलेला."

मी शेंगा चिरत राहिले. माझ्या मनात काकूंनी जिंकावं असंच होतं. पण रुचिरच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही मला दिसत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मीच जाऊन झडप काढायला मदत केली. ब्रश मी मारला, पेन्सिल काकूंनी डाव्या हातानं घासली. सगळं ठाकठीक होतं.

मग खंडेनवमी आली. त्या घरात खंडेनवमीला मोठा मान. काकांची हत्यारं, पाने, हातोड्या, पक्कड, कानस, सगळी लाकडी पेटीतून बाहेर निघायची. पुसून, खोबरेल तेल लावून, लिटल इंडियातून आणलेल्या झेंडूच्या फुलांसह पाटावर मांडायची आणि हळदकुंकू वाहायचं. काका असताना तेच करायचे. ते गेल्यावर रुचिर, अर्धा दिवस रजा टाकून. मराठी वाचता न येणारा हा मुलगा हे एक काम मात्र हुबेहूब बापासारखं करायचा, मांडी घालून, एकेक पान्याला बोटानं तेल चोळत. त्या वर्षी काकू आत पुरण वाटत होत्या. हात दुखत होता म्हणून अनघा मदतीला होती. मागे रुचिर एकटा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी सोनं द्यायला गेले तर काकू खुशीत होत्या. आपट्याची पानं नाही मिळाली म्हणून आम्ही कुठल्याशा कुंडीतली पानं एकमेकींना दिली. मग त्यांनी मला मागे नेलं. झडपेच्या मुठीवर हळदकुंकवाची बोटं होती आणि एक झेंडू तारेत अडकवलेला.

"या वर्षी हिचीही पूजा केली त्यानं," काकू म्हणाल्या. "यांनी कधी केली नव्हती. आणि बघ." त्यांनी मूठ फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. "करकर नाही, जोर नाही. माझं मनगट सुधारलं गं."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका खरा होता की करकर कुठे गेली, हे विचारायचं मला सुचलं नाही. हेझमुळे भट्टी दमटली असेल म्हणून त्यांनी संध्याकाळी थोडा कोळसा टाकून ती नुसती शेकवली, निवत आल्यावर नेहमीप्रमाणे झडप आडवी केली, आणि वर पोतं घातलं.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, दिवाळी दहा दिवसांवर. पाऊस पडून हवा नुकती निवळली होती. लोकांनी खिडक्या उघडल्या होत्या, दोऱ्यांवर कपडे दिसू लागले होते. टेबलावर डबे लागले. चंद्रशेखर आले, आणि बाकीची मंडळी डबे ठेवून बाजारहाट करायला गेली. रुचिर आणि अनघा सकाळपासून हजर होती. रुचिर खुर्ची ओढून बाजूला बसला होता, हात न लावता. ते ठरलंच होतं.

काकूंनी खारफुटीच्या कोळशाच्या कांड्या रचल्या. इथला हा कोळसा जड असतो, एकमेकांवर आपटला तर भांड्यासारखा वाजतो. खाली नारळाची करवंटी पेटवली. करवंटीनं पेट घेतला तशी त्यांनी झडप उभी करायला मुठीला हात घातला.

मूठ हलली नाही.

त्यांनी पदरानं हात पुसला आणि पुन्हा लावला. मग दोन्ही हात लावले. भट्टीच्या तोंडातून धुराचा एक जाड लोट बाहेर आला, मग दुसरा. धुराड्यातल्या त्या नाण्याएवढ्या भोकातून जाईल तेवढाच धूर वर जात होता, बाकीचा सगळा अंगणात. चंद्रशेखर खोकत उठले आणि आधी आपला डबा उचलून आत गेले.

भिंतीपलीकडून लिमबाईंचा आवाज आला, "सुनेत्रा आह! यू बेकिंग ऑर बर्निंग हाउस? हेझ जस्ट गो होम, यू कॉल बॅक ऑलरेडी?"

"सॉरी, सॉरी," काकू म्हणाल्या. त्यांनी चिमट्यानं पेटत्या करवंट्या बाहेर काढून घमेल्यात टाकल्या.  मी पुढे झाले तर त्यांनी नुसती मान हलवली. मग पुन्हा मुठीशी गेल्या. आता धूर नव्हता, घाई नव्हती. फक्त त्या आणि ती मूठ. त्यांनी ओढली, दाबली, चिमट्याच्या टोकानं ठोकली. मूठ धुराड्याला जणू वितळवून जोडलेली.

मग त्या मागे सरकल्या आणि पायरीवर बसल्या.

"नाही लागली," त्या म्हणाल्या. "रुचिर, ठरलं ते ठरलं. दिवाळी झाली की येते मी."

ज्याच्यासाठी तो महिनोन् महिने झगडला, ते त्याला मिळालं होतं. पण तो खुर्चीतून उठला तो आईकडे गेला नाही, मुठीकडे गेला. धुराड्यातून दांडा जिथे बाहेर येतो तिथे काळा, चकचकीत ओघळ गोठला होता. त्यानं नखानं खरवडला. वास घेतला. मग तसाच उभा राहिला.

"काय रे?" अनघानं विचारलं.

"खोबरेल," तो म्हणाला.

काकूंनी मान वर केली.

"मी घातलं होतं, आई. खंडेनवमीला. दोन्हीकडून, भरपूर. म्हटलं, ही करकरते, तुझ्या मनगटाला त्रास होतो. बाबा सगळ्यांना तेल लावायचे ना."

"सगळ्यांना लावायचे," काकू म्हणाल्या. "हिला नाही लावायचे."

"ते मी कधी पाहिलंच नाही."

"तू पाटावरची हत्यारं बघायचास. पाटावर जे नाही ते कोण बघतं?" त्यात दोष देणं नव्हतं. त्या मनगटाकडे पाहत होत्या. "म्हणजे माझं मनगट नव्हतं सुधारलं. तेलामुळे फिरत होती."

अनघा हळूच म्हणाली, "आई, आमच्याकडे हा स्वयंपाक करतो तेव्हा मला म्हणतो, ढवळाढवळ करू नकोस. बघा, कोण ढवळाढवळ करतं."

रुचिर म्हणाला, "शब्द रद्द."

"असा रद्द होत नाही. माझ्या हातानं लागली नाही, एवढं खरं."

"लागू दिली नाही मी. फुटबॉलमध्ये पंचानंच गोलपोस्ट हलवली तर मॅच धरत नाहीत. आधी ही सोडवू, मग बोल. कशी सोडवायची?"

काकूंनी मुठीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तापवून. आतून आग घालायची तर धूर होईल. बाहेरून दांडा तापवायला हवा."

गॅसवर धुराडं काही नेता येत नव्हतं. तेवढ्यात भिंतीवरून लिमबाईंचं डोकं दिसलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण चाळीस वर्षं शेजारी राहिल्यावर भाषेची गरज थोडीच उरते. त्यांनी हात वर केला. हातात छोटी गॅसची मशाल होती, पदार्थाला वरून शेकायची.

रुचिर ती घेऊन आला आणि आईला हळूच म्हणाला, "त्या हिनं डुकराच्या पायांवरचे केस जाळतात."

"ठाऊक आहे मला. धुराड्याला लागतेय, नानकटाईला नाही. लाव."

त्यानं दोन्ही टोकांना ज्योत धरली. काळं डांबर बुडबुडलं, करपट गोड वास सुटला. "आता हलकेच ठोक. ओढू नको, ठोक. बाबा पाना वापरायचे, हातोडी नाही." तो पेटीतून पाना घेऊन आला. दोन बाजूंनी ठोकत गेला. काकू पायरीवरून उठून त्याच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि मग आवाज आला. करकर, लांब आणि रडकी, दाराशी आलेल्या मांजरीसारखी. मूठ हलली.

काकूंनी डोळे मिटून घेतले. "फिरव अजून. हां."

दांडा बाहेर आला, चकती त्याच्या हातात पडली. चाळीसहून जास्त वर्षांचा हा माणूस, ती चकती त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिली. उलटसुलट करून त्यानं भोकात बोट घातलं. "हे गंजलंय."

"नाही," मी म्हणाले, आणि काकूंकडे पाहून थांबले. काकूंनी त्याला सांगितलं, जे मला सांगितलं होतं ते. तो ऐकत होता, भोकातून बोट न काढता.

मग त्यानं मांडी घातली. खंडेनवमीला घालतो तशीच. काकू सांगत होत्या, तो घासत होता. काजळी, मग तेलाचा चिकटा, मग पुन्हा कोरडा कागद. पेन्सिल काकूंनी दिली, तेव्हा तो हसला. "ही टूबी पेन्सिल माझी परीक्षेची आहे."

"तुझ्या राहिलेल्या सगळ्या याच कामी गेल्या. बाबांनी डबाभर ठेवल्या होत्या."

दुपारी उशिरा भट्टी पुन्हा पेटली. झडप उभी काकूंनी केली, दोन्ही हातांनी. वामकुक्षीही त्यांनीच. पहिला पत्रा जरा करपला, तो चंद्रशेखरांच्या पिठाचा होता आणि त्यांनी सांगितलं की त्यांना तशीच आवडते. बाकीचे डबे संध्याकाळपर्यंत भरले. भिंतीवरून लिमबाईंना ताटली गेली. नेहमीप्रमाणे त्यांनी एक खाऊन म्हटलं, "टू स्वीट," आणि उरलेली परत दिली नाही.

शब्दाचं काय झालं, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. रुचिर सामान बांधायला आला नाही. तो डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आला, वर्तमानपत्र घेऊन. मग जानेवारीच्या. पहिल्या पहिल्यांदा काकू जवळ उभ्या राहून सांगायच्या. नंतर खुर्चीवर बसून. नंतर आत वरणाला फोडणी देत, फक्त कान मागे ठेवून. दोघांच्या बोलण्यात शर्ट आणि फ्रीज मागे पडले, झडप आली. शिसं जास्त झालं का, या महिन्यात गंज का दिसतो, पावसात धुराड्यावर टोपी बसवावी का. अनघा म्हणाली, "आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, याला माझ्या कानातल्यांचा रंग सांगता येणार नाही. त्या चकतीवरचा डाग मात्र पाठ आहे."

२०१८ची भट्टी मला चांगली आठवते. मी माझा डबा ठेवला, काकू खुर्चीत बसलेल्या. भट्टीशी रुचिर. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली तशी काकू म्हणाल्या, "आता जरा—" आणि तेवढ्यात करकर ऐकू आली, त्यांना हवी तिथेच थांबली. त्या पुढचं बोलल्या नाहीत. रुचिरनं मागे वळूनही पाहिलं नाही. तो पत्रे सरकवत होता.

सगळं आवरल्यावर, हात धुताना, काकूंनी त्याला सांगितलं, "दिवाळी झाली की मी येते तुमच्याकडे. मधली खोली दे, रस्त्याकडची नको."

त्यानं नळ बंद केला. "का? कोणी म्हटलं का काही?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? आता माझ्या हाताशिवाय भट्टी लागते की."

घर विकलं नाही. पुढच्या भागात एक तमिळ जोडपं भाड्यानं राहतं. मागचं अंगण करारात ठेवून घेतलंय. लिमबाईंच्या सुरळ्या तिथेच होतात, आता त्यांची सून करते.

गेल्या महिन्यात मी काकूंना भेटायला त्यांच्या कॉन्डोत गेले. खाली तलावाच्या काठावर त्या आणि अनघा बसल्या होत्या, लोकांना नावं ठेवत. मला पाहून काकूंनी वर नेलं आणि ताटलीत नानकटाई ठेवली. अनघाच्या इलेक्ट्रिक ओव्हनमधली, त्यांनी पहिल्यांदाच करून पाहिलेली.

"कशी झालीय?"

"बरी झालीय, काकू."

"बरी म्हणजे वाईट." त्यांनी स्वतः एक तुकडा तोडला, चावला, आणि सोफ्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाकडे पाहिलं. "रुचिर, उद्या पहिला रविवार आहे."

"जाणार आहे, आई."

"पेन्सिल ने. तिथली संपत आली असेल."

"नवी घेतलीय."

"नवी कशाला? बोथट असली तरी चालते," काकू म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी दोन टाकल्या.